कंपनी नंतर बदला, आधी ९११चा पत्ता बदला

पत्र: आम्ही गेल्या मार्चमध्ये, इथे कॅनडातच, ब्रॅम्प्टन सोडून किचनरला घर घेतलं. सासूबाई (वय ७४) आमच्याकडेच असतात. त्यांचा घरचा फोन इंटरनेटवर चालतो. ब्रॅम्प्टनला होता तोच, फोन इंटरनेटला जोडणारा छोटा डबा इथे आणून जोडला, नंबरही जुनाच, लगेच चालू झाला. रोज रात्री नऊला त्या साताऱ्याला धाकट्या बहिणीशी बोलतात. काही महिन्यांपासून मावशी म्हणतात, "ताई, विहिरीतून बोलल्यासारखी येतेस, मधले शब्दच गायब." सासूबाईंना मात्र मावशींचं व्यवस्थित ऐकू येतं. फोन कंपनी म्हणते दोष इंटरनेटचा, इंटरनेट कंपनी म्हणते दोष फोनचा. इंटरनेट केबलचं आहे, मुलगा म्हणतो वेग भरपूर आहे. तो रात्री गेम खेळतो आणि त्याचे व्हिडिओ चढवतो (अपलोड करतो). परवा दारावर एक विक्रेता आला होता: इंटरनेट, टीव्ही, आम्हा दोघांचे मोबाईल आणि घरचा फोन सगळं एकत्र, घरचा फोन दोन वर्षं फुकट. सासूबाईंचा नंबर अकरा वर्षांचा आहे, साताऱ्यात सगळ्यांच्या डायरीत तोच आहे. कोणती कंपनी घेऊ?
— किचनरची सून

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो. "तोच डबा इथे आणून जोडला, लगेच चालू झाला." पुढे तुम्ही आवाजाबद्दल, नंबरबद्दल, विक्रेत्याबद्दल सविस्तर लिहिलंय, पण ९११साठी, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरसाठी, नवा पत्ता कंपनीला कळवला का, याबद्दल एक अक्षर नाही. कळवला असेल तर उत्तमच. नसेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा, फोन कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात जा, '९११ पत्ता' असं जिथे लिहिलंय तिथे किचनरचं घर टाका आणि बदल झाल्याचा ईमेल येईपर्यंत उठू नका.

कारण सांगतो. जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन भिंतीला बांधलेला असे, त्यामुळे फोन कुठून आला हे ९११च्या माणसाला आपोआप कळायचं. केबल कंपनी स्वतःच्या तारेवर जो घरचा फोन देते, त्यातही पत्ता आपोआप जातो. पण तुमच्याकडे आहे तो डबा फिरता आहे. किचनरला जोडा, हॅलिफॅक्सला जोडा, साताऱ्याला नेऊन जोडा, तो ब्रॅम्प्टनचाच नंबर घेऊन बोलायला लागतो. अशा फोनवरून ९११ लावला की तो आधी मधल्या एका केंद्रात जातो. तिथला माणूस "तुम्ही कुठे आहात?" असं विचारतो आणि मग तुमच्या भागातल्या ९११कडे जोडून देतो. बोलणाऱ्याला बोलता आलं नाही, तर त्याच्यापुढे उरतो फक्त नोंदवलेला पत्ता.

२००८च्या एप्रिलमध्ये कॅलगरीत नेमकं हेच झालं. एक कुटुंब मिसिसागाहून तिथे राहायला गेलं होतं, इंटरनेट फोन सोबत नेला होता. दीड वर्षाचं बाळ अचानक आजारी पडलं, घरच्यांनी ९११ लावला आणि रुग्णवाहिका गेली मिसिसागाच्या जुन्या पत्त्यावर, अडीच हजार किलोमीटरहून लांब. बाळ वाचलं नाही. इंटरनेट फोन देणाऱ्यांनी ९११ची सोय द्यायलाच हवी, असा आदेश सीआरटीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, २००५मध्येच काढला होता. सोय होती, पत्ता जुना होता.

तुमच्या घरी दिवसा सासूबाई कदाचित एकट्या असतील. चक्कर आली, इंग्रजीत पटकन पत्ता आठवला नाही, तर मदत ब्रॅम्प्टनला जाऊन दार वाजवेल. म्हणून पत्ता बदलून झाला की तो मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून फोनशेजारी चिकटवा. पत्ता नोंदला गेलाय का, हे तपासायला ९११ मात्र लावू नका. ग्राहक सेवेला विचारा, ते वाचून दाखवतात.

आता आवाज.

तुम्ही नकळत अर्धं निदान करून पाठवलंय. सासूबाईंना नीट ऐकू येतं आणि मावशींना तुटक ऐकू येतं. म्हणजे साताऱ्याहून येणारी वाट मोकळी आहे, बिघाड जाणाऱ्या वाटेत आहे. ही जाणारी वाट दोन ठिकाणी अडू शकते: तुमच्या घरातून बाहेर पडताना, किंवा पुढे कॅनडातून भारतात शिरताना.

घरापासून सुरू करू. इंटरनेटवर बोलताना आवाजाचे बारीक तुकडे होतात, बहुतेक वेळा २० मिलिसेकंदाचा एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकड्याने वेळेत पोहोचायचं असतं. उशिरा आलेला तुकडा पलीकडचं यंत्र सरळ टाकून देतं, कारण पुढचं अक्षर वाजून गेल्यावर मागचं अक्षर वाजवून काय करायचं? मावशींचे "मधले शब्द गायब" म्हणजे हेच टाकून दिलेले तुकडे. बाकी आवाजाला जागा अगदी थोडी लागते. चांगल्या दर्जाच्या बोलण्याला एका दिशेला साधारण ९० किलोबिट, म्हणजे एक मेगाबिटच्या दहाव्या भागाइतकी. त्यामुळे मुलगा म्हणतो ते खरं आहे, वेग भरपूर आहे. पण तो सांगतोय तो उतरवण्याचा (डाउनलोडचा) वेग. केबलच्या इंटरनेटमध्ये खाली येणारा रस्ता चौपदरी आणि वर जाणारा रस्ता बहुतेक ठिकाणी अगदी अरुंद असतो. तुमच्या सासूबाईंना पुणे-सातारा रस्ता पाठ असेल. खंबाटकीच्या चढावर पुढे मालट्रकची रांग लागली की मागची दुचाकी कितीही हलकी असली तरी तिला ट्रकच्याच चालीने चालावं लागतं. मुलाचा चढत असलेला व्हिडिओ म्हणजे ती ट्रकची रांग, आजीचं बोलणं मागे अडकलेलं. रात्री नऊला आख्खी गल्ली इंटरनेटवर असते, ती भर वेगळीच.

आज रात्री एक करून बघा. खर्च काही नाही, पाऊण तास लागेल. फोनचा डबा घरात कुठे आहे ते आधी बघा. तो वायफाय वाढवणाऱ्या यंत्रामागे किंवा वरच्या मजल्यावर लटकवलेला असेल तर खाली आणा आणि नेटवर्कच्या (इथरनेट) केबलने थेट मुख्य मोडेम-राउटरला जोडा. मी ज्या ज्या घरांत हे फोन दुरुस्त करायला गेलो, तिथे निम्म्या वेळा दोष याच एका जागी सापडला. मग नऊ वाजता नेहमीसारखा मावशींना फोन लावा. पहिली दहा मिनिटं घरात जे चालतं ते चालू द्या. पुढची दहा मिनिटं मुलाला व्हिडिओ चढवणं थांबवायला सांगा, तुमच्या नवऱ्याच्या लॅपटॉपचा आणि सगळ्यांच्या मोबाईलमधल्या फोटोंचा आपोआप होणारा साठाही थांबवा. मावशींनी किती वेळा "काय म्हणालीस?" विचारलं त्याच्या खुणा कागदावर करा. नंतर फोन ठेवून लगेच, त्याच वेळी, टोरोंटोतल्या कुणा ओळखीच्याला त्याच फोनवरून लावा आणि त्यालाही विचारा.

दुसऱ्या दहा मिनिटांत खुणा एकदम कमी झाल्या, तर गुन्हेगार घरातच आहे आणि कंपनी बदलायची गरज कदाचित पडणारच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्यूओएस' किंवा 'प्राधान्य' नावाचा भाग असतो, तिथे फोनच्या डब्याला पहिला मान द्या आणि मुलाच्या चढवण्याला मर्यादा घाला. मुलगा हे पाच मिनिटांत करून देईल, आणि आजीसाठी करतोय म्हटल्यावर आनंदाने करेल. तिथेच 'सिप एएलजी' नावाचं एक बटण असतं. ते फोनला मदत व्हावी म्हणून बनवलेलं आहे, पण बऱ्याच राउटरमध्ये ते फोनचे संदेश बिघडवतं, फोन मध्येच कटतो किंवा एकाच बाजूला ऐकू येतं. ते बंद ठेवा.

टोरोंटोच्या माणसाला स्वच्छ ऐकू आलं आणि मावशींना तरीही तुटक, तर तुमचं घर आणि तुमचं इंटरनेट दोन्ही निर्दोष. मग दोष भारतात जाणाऱ्या वाटेचा, आणि ती वाट निवडते तुमची फोन कंपनी. इथे मावशींना एक गोष्ट विचारा: त्यांच्या फोनवर सासूबाईंचा कॅनडाचा नंबर दिसतो की रोज नवा, अनोळखी भारतीय मोबाईल नंबर? भारतीय नंबर दिसत असेल तर तुमचा फोन चोरवाटेने जातोय. कुठेतरी एका खोलीत शेकडो सिमकार्ड घातलेली पेटी ठेवलेली असते, परदेशातला फोन इंटरनेटवरून तिथे आणून साधा स्थानिक फोन म्हणून पुढे ढकलतात. भारतात हा गुन्हा आहे, पोलिस अशा पेट्या पकडतात. आवाज वाटेत दोन-तीनदा पिळून निघतो म्हणून विहिरीतून आल्यासारखा लागतो. तुमची कंपनी हे मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. ती भारताची मिनिटं एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेते, तो दुसऱ्याकडून, आणि सर्वांत स्वस्त वाट कुठून जाते हे शेवटी कुणीच बघत नाही. तारीख, वेळ आणि मावशींना दिसलेला नंबर अशी तीन दिवसांची नोंद करून कंपनीला पाठवा आणि वाट बदलायला सांगा. नुसती "आवाज खराब आहे" ही तक्रार ते राउटर बंद-चालू करायला सांगून मिटवतात. नोंद दिली की ती तक्रार तंत्रज्ञापर्यंत जाते.

आणि मावशींकडे स्मार्टफोन असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोला, असं कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. ज्या बाईला नंबर फिरवून कानाला लावायची सवय आहे, तिची ती सवय मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणती कंपनी. इथे आल्यावर आपल्याला दुकानांच्या पाट्या पाहून वाटतं की केवढी स्पर्धा आहे. पण किचनरमध्ये बहुतेक घरांपर्यंत येणाऱ्या मुख्य तारा दोनच: बेलची फोनची, जी आता बऱ्याच ठिकाणी फायबर झाली आहे, आणि रॉजर्सची केबल. पश्चिमेकडे बऱ्याच ठिकाणी बेलच्या जागी टेलस, क्युबेकमध्ये केबलला मुख्यतः व्हिडिओट्रॉन, असा थोडा फरक. २०२३च्या एप्रिलमध्ये रॉजर्सने शॉ विकत घेतली तेव्हा पश्चिमेतली केबलही तिच्याकडे गेली. फिडो म्हणजे रॉजर्सच, व्हर्जिन प्लस म्हणजे बेल, कूडो म्हणजे टेलस. नावं वेगळी, चूल एक. चॅथमच्या टेकसॅव्हीसारख्या छोट्या कंपन्या याच मोठ्यांच्या तारा घाऊक भाड्याने घेऊन आपल्याला सेवा विकतात. हे भाडं किती असावं यावरून इथे वर्षानुवर्षं भांडण चाललंय. सीआरटीसीने २०१९मध्ये भाडं बरंच उतरवलं आणि २०२१मध्ये स्वतःचाच निर्णय मागे घेतला. त्यानंतर छोट्या कंपन्या एकेक करून विकल्या गेल्या: ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल बेलकडे, व्हीमीडिया व्हिडिओट्रॉनच्या मालक क्युबेकॉरकडे. मला त्याचं वाईट वाटतं, कारण या छोट्या कंपन्यांमध्ये फोन उचलणारा माणूस अनेकदा स्वतः तंत्रज्ञ असायचा. ऑगस्ट २०२४मध्ये सीआरटीसीने मोठ्या फोन कंपन्यांना त्यांची फायबरही देशभर इतरांना भाड्याने द्यायला लावली. त्यामुळे आता तुमच्या पत्त्यावर फायबर दोन-तीन वेगळ्या नावांनी मिळू शकतं. विचारून बघा.

याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच: केबलवरून दुसऱ्या नावाच्या केबलवर गेलात तर चढण्याचा रस्ता तोच अरुंद राहील, बिल थोडं कमी होईल आणि मावशींची तक्रार तशीच. वरच्या चाचणीत दोष चढण्याच्या वाटेत निघाला आणि राउटरच्या सेटिंगने भागलं नाही, तर फायबर घ्या. त्यात चढण्या-उतरण्याचा वेग बहुतेक योजनांत सारखा असतो. कंपनी निवडण्याआधी तार निवडायची, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

दारावरच्या विक्रेत्याची योजना घेऊ नका. तो खोटं बोलतोय म्हणून नाही, तर दोन कारणांसाठी.

पहिलं, नंबर. सासूबाईंचा नंबर ब्रॅम्प्टनचा आहे, ९०५चा. किचनरचे नंबर ५१९, २२६ वगैरे. कंपनी बदलताना नंबर सोबत नेण्याचा हक्क इथे आहे, पण घरच्या फोनच्या बाबतीत तो हक्क त्या त्या एक्स्चेंजच्या हद्दीपुरता असतो. तारेवरचा फोन देणारी कंपनी ब्रॅम्प्टनचा नंबर किचनरच्या भिंतीवर बहुतेक लावून देणार नाही. नवा नंबर देईल, आणि अकरा वर्षं साताऱ्याच्या डायऱ्यांत लिहिलेला नंबर गेला. फिरत्या डब्याचा गुण असा की तो ब्रॅम्प्टनचा नंबर किचनरमध्ये नांदवू शकतो. म्हणून फोनची कंपनी आणि इंटरनेटची कंपनी वेगळ्याच ठेवा. उद्या इंटरनेट दहा वेळा बदललंत तरी नंबरला धक्का लागणार नाही. फोनची कंपनीच बदलायची वेळ आली तर जुनी सेवा स्वतः बंद करू नका. आधी बंद केलीत तर नंबर सुटतो आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात. नव्या कंपनीला नंबर ओढून घ्यायला सांगा, बिलावरचं नाव आणि पत्ता अक्षर न अक्षर जुळवा, नंबर पलीकडे वाजेपर्यंत जुनं चालू राहू द्या. इंटरनेट किंवा फोन सोडताना "तीस दिवस आधी कळवायला हवं होतं, महिन्याचे पैसे भरा" असं कुणी म्हणालं तर भरू नका. ती अट सीआरटीसीने २०१४मध्येच रद्द ठरवली आहे.

दुसरं कारण ८ जुलै २०२२. त्या शुक्रवारी पहाटे रॉजर्सच्या मुख्य जाळ्यात दुरुस्तीचं काम चालू असताना एका सेटिंगमध्ये चूक झाली आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचं इंटरनेट, घरचा फोन आणि मोबाईल एकाच वेळी गेलं. दुकानांत इंटरॅकने, म्हणजे इथल्या डेबिट कार्डाच्या जाळ्यावरून, पैसे देता येईनात. अनेकांना ९११ लागेना. ज्या घरात सगळंच त्या एका कंपनीचं होतं, त्या घराला शेजाऱ्याचं दार वाजवण्याशिवाय उपाय नव्हता. त्या दिवशी आमच्या इमारतीत एका आजींच्या औषधासाठी फार्मसीला फोन करायचा होता, तो खालच्या मजल्यावरच्या एका विद्यार्थ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलवरून केला. ही वेळ उद्या कुठल्याही कंपनीवर येऊ शकते. तुमच्या घरी इंटरनेट एका कंपनीचं असेल तर निदान एक मोबाईल दुसऱ्या जाळ्यावरचा ठेवा, आणि तो सासूबाईंच्या हाताशी राहील असं बघा.

वीज गेली तर काय, हेही सांगतो. २०१३च्या डिसेंबरमध्ये टोरोंटोत बर्फाचं वादळ झालं, झाडं तारांवर कोसळली, जवळपास तीन लाख घरांची वीज गेली, काहींची आठवडाभर आली नाही. माझ्या घरचा इंटरनेट फोन पहिल्या मिनिटाला मुका झाला. समोरच्या वृद्ध जोडप्याकडे जुना तांब्याच्या तारेवरचा फोन होता, तो चालू होता, कारण त्या तारेला वीज एक्स्चेंजमधून येते. गल्लीतले आम्ही सगळे ओळीने त्यांच्या स्वयंपाकघरात उभे राहून आपापल्या घरी "ठीक आहोत" कळवत होतो. तुमच्याकडे मोडेम आणि फोनचा डबा दोन्ही भिंतीतल्या विजेवर आहेत. एक साधा यूपीएस घ्या, दोन्ही त्यावर लावा, तासभर तरी फोन जिवंत राहील. फायबर घेतलंत तर भिंतीवरची फायबरची डबीही त्यावर लावायला विसरू नका, तिच्याशिवाय बाकी काही चालत नाही.

दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या, तर सीसीटीएसकडे जा. २००७पासून चालू असलेली ही दूरसंचाराच्या तक्रारींची स्वतंत्र संस्था आहे आणि ग्राहकाला तिथे पैसे पडत नाहीत. आधी कंपनीकडे तक्रार केल्याचा पुरावा मागतात, म्हणून प्रत्येक वेळी बोललेल्या माणसाचं नाव, तारीख आणि तक्रारीचा क्रमांक त्या खुणांच्या कागदावरच लिहून ठेवा.

हिवाळ्यात घड्याळ मागे गेलं की तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे साताऱ्याचे सकाळचे साडेसात होतात. मावशींचा चहा तोवर आटोपलेला असतो. सासूबाईंना विचारून वेळ आठवर आणता आली तर गर्दीही थोडी कमी मिळेल.

चाचणी या शनिवार-रविवारी केलीत तरी चालेल, आणि विक्रेत्याला महिनाभर थांबवलंत तरी काही बिघडत नाही. ९११चा पत्ता मात्र आज बदला, आणि बदललात की मला दोन ओळी लिहा.